गवताचं पीठ

"तुमच्या दुधातली मलई जाते कुठे, बाई?" असं मला भर रांगेत विचारणाऱ्या माणसाच्या डोक्यात मी किटली घातली नाही, ती केवळ किटलीत दूध होतं म्हणून.

हा माणूस म्हणजे आमच्या दूध केंद्रावरचा तपासनीस. त्याला सगळे पॉइंटसाहेब म्हणतात, कारण तो बोलतोच पॉइंटांत. बायकोला ताप आला तरी सांगेल, "दोन पॉइंट जास्त आहे." त्याच्या यंत्रात चमचाभर दूध टाकलं की त्यात स्निग्धांश किती, ते आकड्यात दिसतं. माझ्या तीन गाई आहेत, थोरली, मधली आणि धाकटी. बावीस वर्षं मी दूध घालतेय. गाई आल्या, गेल्या, पण माझा आकडा कधी चारच्या खाली उतरला नाही. त्या दिवशी उतरला. तीन पूर्णांक एक.

"यंत्र बिघडलंय तुमचं," मी म्हटलं.

"यंत्र ठणठणीत आहे. आणि दुधात पाणीही नाही, ते मी आधीच बघितलं. फक्त मलई नाही. म्हणजे कुणीतरी वरच्या वर काढून घेतंय."

माझ्या मागे शेजारीण उभी होती. ती फक्त "अगं बाई!" एवढंच म्हणाली. तिचं एक "अगं बाई" म्हणजे चार गल्ल्यांत दवंडी. मी घरी पोचायच्या आत माझी मलई घरोघर पोचली होती.

आठवड्याने पुन्हा तपासणी झाली. या वेळी दोन पूर्णांक सात. पॉइंटसाहेबाने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "नियम नियम असतो, बाई. दोनदा साडेतीनच्या खाली आलं की नाव कमी करायचं. उद्या समितीपुढे ठेवतो."

खरं सांगते, माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला या गल्लीत कोण कशाने ओळखतं? दिसायला मी बेताची, तोंडाने फटकळ, शाळा चौथीत सुटली. पण नवी सून घरात आली की तिची सासू तिला पहिल्या दिवशी सांगते, "दूध घ्यायचं तर कोपऱ्यावरच्या बाईंचं." ही माझी कमाई. तीच आता जाणार, आणि तीसुद्धा मलईचोर म्हणून.

रस्ताभर मी विचार केला. घरात माणसं दोन. एक मी. मला मलईने पित्त होतं, मी तिच्याकडे बघतही नाही. मग राहिलं कोण? राहिले आमचे हे.

ह्यांनी चौतीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन विजेचे मीटर वाचले आणि चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्त होईपर्यंत ह्यांना गाईचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली एवढंच माहीत होतं. निवृत्त झाले आणि गोठ्याचे साहेब झाले. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे खाटेवरून गाई हाकायचे. "अगं, धाकटीला डास चावतोय." "अगं, मधली उदास दिसते." शेवटी मी वैतागून म्हटलं, दुपारची वैरण तुम्ही घाला, मला तासभर पडू द्या. वैरण घालायला लागले, आणि त्याच सुमारास ह्यांचे दात गेले. होते नव्हते ते सगळे काढले आणि कवळी बसवली. कवळी टोचते म्हणून बहुतेक वेळ ती डबीतच असायची. त्यामुळे ह्यांच्यासाठी मी सगळं मऊ करत होते. भाजी उकडून मिक्सरमधून काढायची, पाव दुधात कुस्करायचा, सफरचंदाचासुद्धा लगदा. लहान मुलाचं केलं नाही एवढं ह्यांचं केलं.

आणि आता नीट ऐका. एवढं लगद्यावर राहून माणसाचं पोट सुटलं होतं. दुसरी गोष्ट, दुपारी दोन वाजता मी आडवी झाले की हे गायब व्हायचे, ते चार वाजता परत. तिसरी गोष्ट, परत यायचे ते तोंड स्वच्छ धुऊन. नुसते पाय मोकळे करून येणारा माणूस तोंड कशाला धुईल? हातच्या काकणाला आरसा कशाला!

मी घरात शिरले ती किटली आपटूनच.

"मलई तुम्ही खाता!"

"मी?" हे खाटेवर उठून बसले. "अगं, मला दात कुठे आहेत?"

"मलईला दात लागतात?"

ह्यांनी पाय खाली सोडले. मग म्हणाले, "काय झालं केंद्रावर?" मी सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चिरका झाला, आणि मी काय काय बोलले ते आता सांगत नाही. पोटासाठी बायकोचं नाव घालवणारा, असंही बोलले. हे उठले. चपला घालून बाहेर गेले. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं, आणि दुधाच्या कपाटाला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रावरून निरोप आला. नाव कमी करत नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू, ती शेवटची संधी. मला कोण आनंद झाला! "बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं. "पत म्हणतात ती ही. बावीस वर्षांची. समिती झाली म्हणून काय झालं, माझं नाव कमी करताना हात थरथरला असेल."

"असेल," हे म्हणाले आणि वाटीतला लगदा खाऊ लागले.

कुलूप घातल्यावर आकडा सुधारेल असं मला वाटलं होतं. पण घरी दूध तापवलं तरी वर साय धरेना. पातेल्यात बोट बुडवून बघायची मी, बोटाला साय म्हणून चिकटायची नाही. त्यातच आठव्या दिवशी थोरलीने खाणं टाकलं. शेण पातळ, कान थंड, आणि उभी अशी की बोलवलं तरी मान वळवेना. मी जनावरांच्या डॉक्टरणीला फोन केला.

डॉक्टरीण तरुण आहे, पण हात जाणता. आली, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले आणि थोरलीच्या डाव्या कुशीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मावशी, आत काही हलतच नाहीये. ही रवंथ करते का?"

बावीस वर्षं गाई पाळणाऱ्या बाईला हा प्रश्न पडायला नको होता. पण मी गेले दोन आठवडे गाईंकडे पाहिलंच नव्हतं, मी मलईकडे पाहत होते. आता पाहिलं. मधली बसली होती, तोंड मिटून. धाकटी बसली होती, तोंड मिटून. भरल्या पोटाची गाय दुपारी तोंड मिटून बसते कधी?

डॉक्टरणीने हातमोजा घातला, शेण उचललं, बोटांत चोळलं. "गवत देता ना?"

"देतो म्हणजे? दुपारी चार पेंढ्या. हे स्वतः घालतात."

"मग शेणात एक काडी नाही ती? हे तर नुसतं चिखलासारखं आहे. गवत जातं कुठे?"

मला पुन्हा कुणीतरी "जातं कुठे" विचारलं, आणि माझं डोकं सणकलं. तेवढ्यात मागच्या पडवीतून घरघर ऐकू आली. तिथे आमचं धान्य भरडायचं यंत्र असतं. भरडायचं काम मी महिन्यातून एकदा करते, आणि तो दिवस काही आज नव्हता. एरवी या वेळी मी अशी झोपलेली असते की ढोल वाजला तरी कळायचा नाही. आम्ही दोघी तिकडे गेलो.

दारात थांबूनच बघितलं. आमचे हे, तोंडाला फडकं बांधून, यंत्राच्या तोंडात मूठ मूठ सुकं गवत सारत होते. खालच्या पोत्यात हिरवट पीठ पडत होतं, आपल्या कणकेहून बारीक. भुवया हिरव्या, कान हिरवे, टक्कल हिरवं. कवळी धूळ लागू नये म्हणून फळीवर डबीत झाकून ठेवलेली.

"अहो!" मी ओरडले. "हे काय चाललंय?"

यंत्र बंद झालं. ह्यांनी फडकं काढलं, डबी उघडली, पाठ फिरवून कवळी बसवली आणि मग आमच्याकडे तोंड केलं. परक्या बाईसमोर बोळक्या तोंडाने बोलायचे नाहीत, एवढं भान त्यांना अजून होतं.

"गाईंसाठी," ते म्हणाले. "त्यांना चावायला लागू नये म्हणून."

डॉक्टरीण माझ्याकडे बघते, मी डॉक्टरणीकडे.

"बाई, मी बघितलं ना," हे आता डॉक्टरणीलाच समजावू लागले, मीटर कसा पळतो ते गिऱ्हाइकाला सांगावं तसे. "बिचाऱ्या एकदा चावून गिळतात. मग तेच पुन्हा वर येतं, पुन्हा चावतात. तासन्‌तास! मला एकदाच चावायचं तर जीव जात होता. आणि ही माझ्यासाठी सगळं बारीक करते. इतकं बरं वाटतं हो जेवताना. म्हटलं, ह्यांच्यासाठी कुणीतरी करायला नको? महिना झाला, रोज दळतो. चाटूनपुसून खातात!"

मला हसू येत होतं की रडू, ते कळेना. रागावर माझा हात बसलेला आहे, म्हणून मी रागावले. "अहो, गाईची दया आली तर तिच्या पाठीवर हात फिरवा! दळण कसलं दळता?"

डॉक्टरीण मात्र उलट्या बादलीवर बसली. "काका, इकडे या. तुम्ही तिचं काम वाचवलं नाही, तिची नोकरी घालवलीत."

ती सांगत गेली. मी बावीस वर्षं गाई पाळल्या, पण गाईच्या पोटात काय चालतं ते मला त्या दिवशी कळलं. गाईच्या पोटात पहिला कप्पा म्हणजे एक भलंमोठं पिंप. त्यात कोट्यवधी बारीक जीव राहतात. गवत पचवायचं काम गाईचं नाहीच, ते त्या जीवांचं. ते गवत कुजवतात, त्यातून जो आंबूस रस निघतो त्यावर गाय जगते, आणि पुढच्या कप्प्यांत गेल्यावर त्या जीवांनाही पचवते.

"म्हणजे मी तीन पाळते, आणि ही कोट्यवधी पाळते," मी म्हटलं. "या घरात सगळ्यात कमी जीव माझ्याच हाताखाली."

"पण त्या पिंपात आंबटपणा वाढला की ते जीव मरतात," डॉक्टरीण म्हणाली. "तो वाढू नये म्हणून गाईच्या लाळेत सोड्यासारखं औषध असतं. दिवसाला शंभर लिटर लाळ! आणि लाळ सुटते केव्हा? चावताना. लांब काडी आत टोचली की घास वर येतो, ती पन्नास-साठ वेळा चावते, लाळ गिळते, पुढचा घास. काका, तुम्ही काडीच ठेवली नाहीत. घास वर येईना, चावणं बंद, लाळ बंद, पोट आंबलं."

"आणि मलई?" मी विचारलं. माझा जीव त्यातच अडकला होता.

"दुधातलं लोणी बनतं तेच मुळी काडीच्या रसातून. पोट आंबलं की लोणी घटतं. तुमची मलई कुणी काढली नाही, मावशी. ती बनलीच नाही."

ह्यांचा चेहरा हिरव्या पिठाखाली पांढरा पडला. "म्हणजे हिचं नाव माझ्यामुळे..." एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, तशी मी कपाटाला कुलूप घालून बसले होते. चोर होता दयाळूपणा, आणि त्याला कुलूप कसलं घालणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यातून इथे दातही विकतचे.

डॉक्टरणीने थोरलीला खायचा सोडा दिला, नळीने औषध दिलं. उद्यापासून लांब काडीचं गवत, पीठ बंद. "आणि काका, तुम्ही मीटर वाचत होतात ना? मग हा वाचा. एका घासाला किती वेळा चावतात ते मोजायचं. पन्नासच्या वर गेलं की समजायचं, पोट रुळावर आलं."

झालं! ह्यांना चार महिन्यांनी नोकरी लागली. सकाळ-दुपार-संध्याकाळ वही घेऊन गोठ्यात स्टुलावर. पहिल्या दिवशी थोरलीने घासच वर आणला नाही. दुसऱ्या दिवशी आणला, एकवीस चावे. तिसऱ्या दिवशी तीस. हे जेवायला हाक मारली की बोट वर करायचे, म्हणजे बोलू नकोस, आकडा चुकेल. आठव्या दिवशी घरात पळत आले. "मधली त्रेपन्न!" इतका आनंद मला त्यांच्या बढतीच्या वेळीही दिसला नव्हता. त्यांना कवळीची सवयही आपोआप होत गेली. गाय चावायची आणि हे समोर बसून नकळत तिच्याबरोबर तोंड हलवायचे. मी एक दिवस गाजर न किसता ताटात ठेवलं. खाल्लं. त्या दिवसापासून ह्यांचं ताट माझ्या ताटासारखंच वाढलं.

तीन आठवडे झाले. मी किटली घेऊन केंद्रावर गेले. ह्यांना म्हटलं चला, तर म्हणाले, "धाकटी आत्ताच बसलीय, आकडा घेतो." रांगेत शेजारीण माझ्या मागे, कान टवकारून. पॉइंटसाहेबाने दूध यंत्रात टाकलं.

"चार पूर्णांक दोन," तो म्हणाला. मग हसला. "साहेबांनी मलई सोडली वाटतं!"

"कोणत्या साहेबांनी?"

"तुमच्या. लेखी दिलंय ना त्यांनी." त्याने खण उघडला आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. अक्षर मी ओळखलं. चौतीस वर्षं आकडे लिहून लिहून उभं झालेलं अक्षर.

'मी खाली सही करणारा लिहून देतो की दुधावरची मलई मी चोरून काढून खातो. माझ्या पत्नीला याची कल्पना नाही. तिचं दूध चोख आहे. तरी तिचं नाव कमी करू नये.' खाली सही आणि तारीख. तारीख त्याच दिवसाची, ज्या दिवशी मी किटली आपटली आणि हे चपला घालून बाहेर गेले.

"त्या कागदामुळे तर समितीने संधी दिली," पॉइंटसाहेब म्हणाला. "नाहीतर नाव कमीच होतं."

आणि मी पत पत म्हणून मिरवत होते!

मी वळले. रांगेत वीस-पंचवीस माणसं होती. "ऐका सगळ्यांनी," मी म्हटलं, आणि माझा आवाज मोठा आहे, ऐकलंच सगळ्यांनी. "हा कागद खोटा आहे. माझ्या नवऱ्याने आयुष्यात चमचाभर मलई चोरली नाही. त्याने गाईंची कीव आली म्हणून गवत दळलं, आणि त्यामुळे दूध उतरलं. चूक म्हणायची तर ही म्हणा. चोर म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे." मग शेजारणीला म्हटलं, "हेही सांग हो घरोघर. काही गाळू नकोस." कागद मी फाडला. पॉइंटसाहेब "अहो, रेकॉर्ड आहे ते" म्हणाला, पण हळूच.

घरी आले तर हे गोठ्यात स्टुलावर. मी समोर उभी राहिले. त्यांनी बोट वर केलं. धाकटीने गिळलं, तेव्हा वहीत लिहिलं, "अठ्ठावन्न."

"चार पूर्णांक दोन," मी म्हटलं. "आणि कागद का लिहून दिलात?"

ते वही बंद करून म्हणाले, "त्यात काय. चौतीस वर्षं ज्याच्या दारात गेलो तो म्हणायचा, आला चोर. मला सवय आहे. तुला नाही."

"पण तुम्ही तर खात नव्हता. मग मलई कोण काढतंय असं वाटलं तुम्हाला?"

हे थोडे लाजले. "मला वाटलं, तू."

"मी?"

"माझ्या वाटीत घालायला. दात गेल्यापासून माझ्यासाठी इतकं मऊ करायचीस, इतकं गोड लागायचं. म्हटलं, ही दुधातली मलई काढून मला घालते आणि सांगत नाही. मग तुझं नाव कसं जाऊ देऊ?"

मला उभ्या जागी रडू आलं. अगदी हमसून. एकाच चोरीबद्दल मी ह्यांना काय समजले होते आणि हे मला काय समजले होते! त्यांच्या वाटीत मलईचा थेंब नव्हता. होता तो नुसता चार वेळा मिक्सरमधून काढलेला दुधी. थोरलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि चावत राहिली.

त्या संध्याकाळी मी बावीस वर्षांत पहिल्यांदा दुधावरची मलई काढली. घरच्या पातेल्यातली, केंद्राच्या किटलीतली नव्हे, नाहीतर शेजारीण आहेच. चांगली जाड धरली होती. ती ह्यांच्या वाटीत घातली, वर साखर भुरभुरली. ह्यांनी एक चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

"बघ," म्हणाले. "हीच चव. आता तरी कबूल कर. तेव्हाही घालत होतीस ना?"

"घालत होते," मी म्हटलं.